ओंटारिओत मुलाच्या ऑटिझम थेरपीसाठी सरकारी पैसे: रांग कशी लावायची, आणि रांगेत असताना काय करायचं

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताची ही योजना: ओंटारिओ ऑटिझम प्रोग्रॅम, म्हणजे ओएपी. यातल्या मुख्य निधीचं बोलावणं नोंदणीच्या तारखेच्या क्रमाने येतं. मूल किती लहान आहे, बोलतं की नाही, घरची मिळकत किती, आईबाप नागरिक आहेत की कालच पीआर (कायमचे रहिवासी) झालेत, यातल्या कशानेही नंबर पुढे सरकत नाही. गरजेप्रमाणे ठरते ती रक्कम, आणि तीही नंबर लागल्यावरच. रांगेत साठ हजारांहून जास्त मुलं आहेत आणि नोंदणीपासून बोलावण्यापर्यंत पाच-पाच वर्षं गेलेली घरं आहेत. म्हणून दोनच कामं तुमच्या हातात उरतात: नोंदणीची तारीख जमेल तितकी लवकरची मिळवणं, आणि मधली वर्षं या पैशांची वाट बघत रिकामी जाऊ न देणं.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनी माहिती अजून फिरते आहे. "पाच वर्षांखाली वीस हजार, वर पाच हजार" हा हिशेब जुना. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने 'चाइल्डहुड बजेट' जाहीर केलं, त्यावरून पालक रस्त्यावर उतरले, मग गरजेवर आधारित कार्यक्रमाचं आश्वासन आलं. तो उभा राहीपर्यंत १ ते ५ वयाला २०,००० आणि ६ ते १७ वयाला ५,००० डॉलर अशी तात्पुरती एकरकमी मदत होती. ती बंद झाली. २०२१ पासून 'कोअर क्लिनिकल सर्व्हिसेस', म्हणजे वर म्हटलेला मुख्य निधी, सुरू आहेत आणि २०२२ पासून नोंदणी, बोलावणी, करार हे सगळं 'ॲक्सेसओएपी' ही संस्था बघते. आता रक्कम वर्षाला ६,६०० ते ६५,००० डॉलरच्या दरम्यान कुठेही असू शकते. कार्यक्रमाचा एकूण निधी २०२० मधल्या ६० कोटी डॉलरवरून बराच वाढला, पण नाव नोंदवणारी मुलंही वाढत गेली.

निदानाचा कागद

नोंदणीला तीन गोष्टी लागतात: मूल १८ वर्षांखालचं असावं, ओंटारिओत राहत असावं, आणि ऑटिझमचं लेखी निदान असावं. पहिल्या दोन बाबतीत कोणाचं अडत नाही. वर्ष-दीड वर्ष जातं ते तिसऱ्यात.

उशिराची सुरुवात बहुतेक वेळा घरातूनच होते. "मुलगे उशिराच बोलतात", "याचे बाबा तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते", "घरात मराठी, बाहेर इंग्रजी, गोंधळतं पोर" ही तीन वाक्यं आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे ऐकवतात. तिसऱ्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं: दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि ऑटिस्टिक मुलाचं दोन भाषांनी नुकसान होतं असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. घरात मराठी बोलायचं थांबवू नका. शंका मात्र लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. ओंटारिओत १८ महिन्यांची एक सविस्तर तपासणी असते; त्या दिवशी "सगळं ठीक" म्हणून निघू नका. नावाने हाक मारल्यावर वळून बघतो का, बोट दाखवून वस्तू मागतो का, काही आवडलं की तुम्हाला दाखवायला आणतो का, या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून न्या.

आता सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी गोष्ट. ओएपीला निदान डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनचंच लागतं असा समज आहे. तसं नाही. परवानाधारक डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर किंवा सायकॉलॉजिस्ट यांपैकी कोणीही निदान देऊ शकतो. लक्षणं ठळक असतील तर साधा बालरोगतज्ज्ञही चालतो, आणि त्याची अपॉइंटमेंट मोठ्या केंद्राच्या आधी मिळते. फॅमिली डॉक्टरांना सरळ विचारा: "ऑटिझमचं निदान स्वतः करणारे पीडियाट्रिशियन तुमच्या ओळखीत कोण आहेत?" हा प्रश्न न विचारल्यामुळे मुलं एकाच मोठ्या केंद्राच्या रांगेत वर्षभर बसतात. तरीही मोठ्या केंद्राकडे, पील-हॉल्टनमध्ये एरिनोककिड्स, टोरांटोत हॉलंड ब्लूरव्ह्यू, रेफरल जाऊ द्या आणि रद्द झालेल्या वेळा मिळणाऱ्या यादीत नाव घाला. तुमच्यासारखीच ऐन वेळी धावत येऊ शकणारी घरं तिथे लवकर आत जातात.

खासगी सायकॉलॉजिस्टकडून निदान करून घ्यायला दोन ते चार हजार डॉलर पडतात. परवडत असेल आणि सरकारी वेळ आठ-दहा महिन्यांच्या पुढची असेल तर आमच्या मते हा खर्च करण्यासारखा आहे, कारण त्याच्या बदल्यात रांगेतली तारीख मिळते. नोकरीच्या विम्यात सायकॉलॉजिस्टसाठी काही रक्कम असते का, ते आधी बघा.

पुण्या-मुंबईत निदान झालेलं मूल घेऊन आलेल्यांसाठी: यूडीआयडी कार्डाला (भारतातलं दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि दिव्यांगत्वाच्या टक्केवारीला इथे काही अर्थ नाही. तिथल्या आयएसएए चाचणीतले गुण इथल्या वाचणाऱ्याला कळणार नाहीत. पण तो सगळा गठ्ठा फेकू नका. इथल्या डॉक्टरांसमोर तो ठेवला तर त्यांना नव्याने सगळं शोधावं लागत नाही आणि इथलं पत्र लवकर निघतं. सर्वात बिनधोक मार्ग हाच: भारतातला अहवाल आधार म्हणून द्या, नोंदणी इथल्या पत्रावर करा.

त्या पत्रात काय असायला हवं ते डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी तपासा: मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख, मूल ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डरच्या निकषांत बसतं असं ठाम वाक्य, निदान करणाऱ्याचं नाव, पदवी आणि सही. "ऑटिझमची लक्षणं दिसतात", "ऑटिझमची शक्यता" अशा वाक्यावर काम होत नाही. डॉक्टर भल्या हेतूने सौम्य लिहितात आणि नोंदणी परत येते.

नोंदणी: नाव आणि तारीख

ॲक्सेसओएपीच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर नोंदणी होते. निदानाचं पत्र, मुलाच्या वयाचा पुरावा, ओंटारिओतल्या पत्त्याचा पुरावा आणि तुम्ही पालक असल्याचा पुरावा जोडायचा. काम तासाभराचं आहे. पण मराठी घरांची कागदपत्रं दोन जागी हमखास अडतात.

पहिली जागा नावाची. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये मुलाचं आणि बापाचं नाव एकत्र, म्हणजे "आरव सचिन". हेल्थ कार्डवर नुसतं "आरव". डॉक्टरांच्या पत्रात "आरव एस." आणि जन्माच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. आपल्याला हे चारही एकच पोर वाटतात, पण कागद तपासणाऱ्याला चार वेगळी मुलं दिसतात. डॉक्टरांच्या पत्रातलं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर लिहून घ्या. दवाखान्यात नाव नोंदवतानाच पासपोर्ट पुढे करा. काही जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाआधी नोंद झालेली असते. अशा वेळी पासपोर्ट वापरा, आणि त्यावर आईवडिलांची नावं असतील तर तुम्ही पालक आहात हे दाखवायला ती उपयोगी पडतात.

दुसरी जागा तारखेची. ०५/०८ म्हणजे आपल्याकडे पाच ऑगस्ट, इथल्या कित्येक फॉर्मांवर आठ मे. भारतातल्या अहवालावर आकड्यांत तारीख असेल तर सोबतच्या पत्रात महिना अक्षरी लिहा.

नोंदणी मान्य झाल्याचं पत्र आणि ओएपी क्रमांक आला की त्या पत्राची प्रत काढून ठेवा. पुढे सगळे हाच क्रमांक मागतात. महिना उलटला आणि काहीच आलं नाही तर फोन करा. एखादा कागद कमी म्हणून फाइल बाजूला पडलेली असू शकते.

रांगेत नाव जिवंत ठेवणं

बोलावणं येतं ईमेलने किंवा टपालाने, आणि त्याला मुदत असते. मधल्या वर्षांत माणसं ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमधून मिल्टनच्या टाउनहाउसमध्ये जातात, कंपनी बदलली म्हणून ईमेल बदलतो, फोन क्रमांक बदलतो. ओएपीसाठी कधीच ऑफिसचा ईमेल देऊ नका. आईबाप दोघांची नावं संपर्कात घाला. वर्षातून दोनदा, समजा गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, फोन करून पत्ता, ईमेल, फोन तिघंही बरोबर आहेत ना हे विचारून घ्या आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव तारखेसह लिहून ठेवा. ईमेलमध्ये स्पॅमचं खातंही बघायची सवय लावा. प्रांतातल्या प्रांतात घर बदलल्याने नंबर जात नाही. ओंटारिओ सोडून अल्बर्टाला गेलात तर मात्र हा कार्यक्रम संपला. तिथली व्यवस्था वेगळी.

"माझा नंबर कितवा?" याचं नेमकं उत्तर मिळत नाही. सध्या कोणत्या काळात नोंदवलेल्या मुलांना बोलावत आहात, हे विचारा. त्या उत्तरावरून अंदाज बांधता येतो.

न थांबता मिळतं ते घ्या

ओएपी म्हणजे फक्त मोठी रक्कम असं समजून नोंदणीनंतर हातावर हात ठेवून बसलेले पालक खूप आहेत. याच नोंदणीवर आणखी चार गोष्टी मिळतात. त्या घेतल्याने मुख्य रांगेतली जागा जात नाही.

'फाउंडेशनल फॅमिली सर्व्हिसेस' ला बोलावणं लागत नाही. पालकांसाठी कार्यशाळा, झोप, जेवण, टॉयलेट ट्रेनिंग, वागणूक यांवर छोटी सत्रं, सल्ला, सगळं मोफत. ऑनलाइन सत्रांना दूरच्या केंद्राचाही पर्याय असतो. नुसत्या भाषणांपेक्षा जिथे कोणी तुमच्या घरातल्या एका अडचणीवर चार-सहा आठवडे तुमच्याबरोबर काम करतं, ती सत्रं निवडा.

१२ ते ४८ महिन्यांच्या मुलांसाठी पालकांच्या हातून चालणारे कार्यक्रम आहेत. त्यांत थेरपिस्ट तुम्हाला खेळता खेळता शिकवायचं तंत्र देतो. अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल, जॅस्पर, प्रोजेक्ट इम्पॅक्ट, सोशल एबीसीज ही त्यांची नावं. वयाची अट कडक आहे, चौथा वाढदिवस उलटला की दार बंद. दिवसभर मुलाजवळ आजी-आजोबा असतील तर त्यांनाही सत्रात बसवा. तंत्र सोपं असतं, पण आई एक करते आणि आजी दुसरं, असं झालं की ते विरघळतं. "मागितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, किमान ग्लासाकडे बघू द्या" हे आजीला पटवणं हा या कार्यक्रमातला सगळ्यात अवघड धडा आहे.

३ ते ६ वयाचं मूल पहिल्यांदा किंडरगार्टनला किंवा पहिलीला जाणार असेल तर 'एंट्री टू स्कूल': सहा महिने गटात तयारी, मग शाळा सुरू झाल्यावर सहा महिने मदत. हे बोलावण्यानेच मिळतं, पण मुख्य निधीच्या बोलावण्यापेक्षा खूप आधी येऊ शकतं. ओंटारिओत मूल ज्या वर्षी चार वर्षांचं होतं त्या सप्टेंबरात ज्युनिअर किंडरगार्टन सुरू होतं, तेव्हा तीन वर्षांच्या आत नोंदणी झाली तर हा कार्यक्रम हुकण्याची शक्यता कमी.

आणि 'अर्जंट रिस्पॉन्स'. मूल अलीकडेच स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागलं असेल, घरातून पळून रस्त्यावर जाऊ लागलं असेल, तर बारा आठवड्यांपर्यंतची तातडीची मदत. फोनवर "फार हट्टी झालाय" असं म्हणू नका. "गेल्या दहा दिवसांत चार वेळा दार उघडून रस्त्यावर गेला, एकदा गाडी ब्रेक मारून थांबली" असं सांगा.

ओएपीबाहेर, शाळेआधीच्या मुलांसाठी प्रांताची मोफत स्पीच थेरपी आहे, 'प्रीस्कूल स्पीच अँड लँग्वेज'. तिला निदानही लागत नाही, डॉक्टरांची चिठ्ठीही नाही. पालक स्वतः फोन करू शकतात. शाळा सुरू झाली की ती बंद होते. बोलणं उशिरा वाटतंय हे लक्षात येताच इथे नाव घाला, निदानाची वाट बघू नका.

करातून येणारे पैसे

हे पैसे कॅनडाच्या केंद्र सरकारचे, ओएपीशी संबंध नाही, आणि याला पाच वर्षांची रांग नाही. तरी निदानानंतर दोन-दोन वर्षं कोणी अर्ज करत नाही, याचं नवल वाटतं.

टी२२०१ हा डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटचा फॉर्म. पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्टने. नुसत्या 'ऑटिझम' या शब्दावर तो मंजूर होत नाही. विचारलेलं असतं ते हे की त्याच वयाच्या मुलाच्या तुलनेत रोजच्या कामांत अडचण किती, आणि ती किमान ९० टक्के वेळ असते का. घाईतल्या डॉक्टरांना हे आठवून लिहायला वेळ नसतो. म्हणून एक पान टाइप करून न्या: "साडेचार वर्षं वय. कपडे स्वतः चढवत नाही. दोन टप्प्यांची सूचना (बूट काढ आणि बाथरूममध्ये जा) पाळता येत नाही. रस्त्यावरचा धोका कळत नाही, हात कायम धरावा लागतो. रोज, दिवसभर." डॉक्टर त्यातलं उचलून लिहितात.

हा फॉर्म मंजूर झाला की चाइल्ड डिसॅबिलिटी बेनिफिटचं दार उघडतं. जुलै २०२५ ते जून २०२६ साठी कमाल ३,४११ डॉलर वर्षाला, महिन्याला २८४ च्या आसपास. कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न सुमारे ८१ हजारांवर गेलं की कमी होत जातं. तब्येतीची अडचण आधीपासून असल्याचं डॉक्टरांनी लिहिलं तर कराच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत मागे जाता येतं. हे पैसे कॅनडा चाइल्ड बेनिफिट या मुलांसाठीच्या भत्त्याला जोडून येतात; वर्क परमिटवर असलेल्यांना तो भत्ता साधारणपणे १८ महिने कॅनडात राहिल्यावर, एकोणिसाव्या महिन्यात परमिट वैध असेल तर सुरू होतो. पीआरना ही अट नाही. "परताव्यातला तीस टक्के आम्हाला द्या, आम्ही फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्या कंपन्यांना दारातूनच परत पाठवा. त्या तुमच्याकडून जे पान लिहून घेतात, ते तुम्ही वर लिहिलंच आहे.

त्याच मंजुरीवर आरडीएसपी हे बचत खातं उघडता येतं. त्यात सरकारचं अनुदान आयुष्यभरात ७०,००० डॉलरपर्यंत आणि कमी उत्पन्नाच्या घरांना बाँड २०,००० पर्यंत. घाई नाही, पण मुलगा शाळेत असतानाच उघडा.

रांगेत असताना खिशातून केलेला थेरपीचा खर्च ओएपी मागाहून भरून देत नाही. कराराच्या मुदतीतलाच खर्च चालतो. "पुढे पैसे मिळणारच आहेत" म्हणून क्रेडिट कार्डवर वीस तासांची थेरपी सुरू करू नका. झालेल्या खर्चाच्या पावत्या मात्र वैद्यकीय खर्च म्हणून करात दाखवता येतात.

कमी उत्पन्नाच्या घरांसाठी एसीएसडी आणि मूल सांभाळायला माणूस लावण्यासाठी एसएसएएच या प्रांताच्या दोन वेगळ्या योजना आहेत. दुसरीलाही रांग असतेच. तिथेही तारीख लावून ठेवा.

शाळेतलं मागणं

शाळेचे तास आठवड्याला तीस. थेरपीच्या कोणत्याही निधीपेक्षा जास्त. २००७ च्या 'पीपीएम १४०' या आदेशानुसार शाळा मंडळांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी एबीएच्या (अप्लाइड बिहेव्हियर ॲनालिसिस, वागणुकीवर आधारित शिकवण्याची पद्धत) पद्धती वापरायच्या असतात. आयपीआरसी (मुलाची विशेष गरज आणि वर्ग ठरवणारी शाळा मंडळाची समिती) बैठक हवी अशी लेखी मागणी मुख्याध्यापकांकडे दिली की १५ दिवसांत त्यांनी लेखी पोच द्यावी लागते. तोंडी विनंती शिक्षिका हसून ऐकते आणि पुढच्या वर्षी ती शिक्षिकाच बदललेली असते. तेव्हा मागणी ईमेलने, दोन ओळींत. आयईपीमध्ये (मुलासाठी शाळेने केलेली वैयक्तिक शिक्षण योजना) "संवाद सुधारेल" असली उद्दिष्टं आली तर परत पाठवा. "चित्रकार्ड देऊन पाणी किंवा बाथरूम मागेल, दिवसातून चार वेळा, पाचपैकी चार दिवस" असं मोजता येणारं हवं.

बोलावणं आलं: गरज ठरवणारी मुलाखत

मुदतीच्या आत होकार कळवा. मग केअर कोऑर्डिनेटर ठरतो आणि 'डिटर्मिनेशन ऑफ नीड्स' ही लांबलचक मुलाखत होते. संवाद, खेळ, स्वतःची कामं, आवाज-स्पर्शाचा त्रास, समज, मनःस्थिती, इजा करणारं वागणं, असं सगळं विचारतात. उत्तरांवरून गरज मर्यादित, मध्यम की व्यापक ते ठरतं, आणि वयाचा गट (० ते ३, ४ ते ९, १० ते १४, १५ ते १७) मिळून रक्कम ठरते.

इथे आपली माणसं हमखास हरतात, आणि ती संस्कारांमुळे. परक्यासमोर पोराची कमतरता सांगायची नाही, ही सवय. "दात घासतो का?" या प्रश्नाला "हो, घासतो की" असं उत्तर जातं. खरं असं असतं: ब्रशवर पेस्ट बाबा लावतो, आई मागून हात धरते, वीस सेकंद घासलं की मूल तोंड घट्ट मिटतं, चूळ न भरता पेस्ट गिळतं, आणि आठवड्यातून तीन दिवस हेही होत नाही. "हो" म्हटलं की त्या खान्यात मदतीची गरज नाही असं लिहिलं जातं. मुलाखतीत प्रत्येक उत्तर तीन तुकड्यांत द्या: तुमच्या मदतीशिवाय काय होतं, मदत केली तर काय होतं, आठवड्यातून किती वेळा.

बोलावणं येण्याची चाहूल लागली की दोन आठवडे वही ठेवा. पाच रकाने पुरतात: वेळ, काय झालं, त्याआधी काय घडलं होतं, किती मिनिटं चाललं, थांबवायला कोणाला काय करावं लागलं. झोपेचं वेगळं पान. अवघड दिवस लपवू नका आणि फुगवूही नका. कोऑर्डिनेटर शेकडो मुलाखती घेतात, त्यांना अतिशयोक्ती ऐकू येते. शाळेचा आयईपी, स्पीच थेरपिस्टचा अहवाल, शाळेतून "येऊन घेऊन जा" म्हणून आलेल्या फोनांच्या तारखा जवळ ठेवा. इंग्रजीत बोलताना तपशील सुटत असेल तर दुभाष्या मागा. मूल त्या खोलीत नसावं. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल हे सगळं बोलणं त्याच्यावर अन्याय आहे, बोलत नसलं तरी ऐकत असतं.

निकाल पटला नाही तर फेरविचार मागता येतो. पत्रातली मुदत आधी बघा. "रक्कम कमी आहे" हे कारण चालत नाही. कोणत्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं नोंदलं गेलं आणि त्याचा पुरावा काय, हे लिहा.

पैसे आल्यानंतर

करारावर सही झाली की घड्याळ सुरू होतं, आणि पैसे कराराच्या मुदतीतच खर्चायचे असतात. पहिले दोन-तीन महिने क्लिनिक शोधण्यात गेले तर तितकी थेरपी कायमची गेली. क्लिनिकच्याही स्वतःच्या रांगा असतात, म्हणून बोलावणं यायच्या आधीच दोन-तीन ठिकाणी नाव घालून ठेवा.

निधीतून एबीए, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, समुपदेशन, आणि तज्ज्ञाने सुचवलेली साधनं घेता येतात. सगळे पैसे एबीएलाच घालायचे असा नियम नाही. एबीएच्या काही पद्धतींवर प्रौढ ऑटिस्टिक माणसांनीच कडक टीका केली आहे; ती वाचा, आणि मूल रडत असताना काय करता, हे क्लिनिकला विचारा. उत्तरात "दुर्लक्ष करतो" एवढंच आलं तर पुढचं क्लिनिक बघा.

हिशेब कागदावर मांडा. थेरपिस्टचा दर ताशी ६५ डॉलर धरला, आठवड्याला २० तास, ४८ आठवडे, तर ६२,४०० होतात. म्हणजे वरच्या टोकाची रक्कमही इतकीच पुरते. खालच्या टोकाला ६,६०० मध्ये, स्पीच थेरपीचं सत्र १६० ला धरलं तर ४१ सत्रं. वर्षभर दर आठवड्याला एक सत्रसुद्धा बसत नाही. अशा वेळी दर आठवड्याला पातळ करण्यापेक्षा सप्टेंबर ते डिसेंबर सलग आठवड्याला दोन, मग खंड, मग पुन्हा, असं ठेवलेलं बरं, आणि त्यातली काही सत्रं पालकांना शिकवण्यासाठी राखा.

क्लिनिकला विचारायचे प्रश्न थोडे पण नेमके असावेत. सुपरव्हायझर कोण, आणि मुलाला प्रत्यक्ष कधी बघणार? जुलै २०२४ पासून ओंटारिओत बिहेव्हियर ॲनालिस्ट हा नोंदणीकृत व्यवसाय आहे, सायकॉलॉजिस्टांच्याच कॉलेजकडे, म्हणजे नियामक संस्थेकडे; नाव तिथल्या जाहीर यादीत तपासा. थेरपीच्या १० तासांमागे सुपरव्हायझरचे २ तास हे या व्यवसायातलं रुळलेलं प्रमाण आहे. त्याहून बरंच कमी असेल तर का, ते विचारा. मूल आजारी पडलं तर रद्द केलेल्या सत्राचे पैसे लागतात का? सोडायचं झालं तर किती आठवड्यांची सूचना? वर्षभराची रक्कम आगाऊ मागणाऱ्याकडे, किंवा "तुमचं बजेट किती मंजूर झालं?" हे पहिल्याच फोनवर विचारणाऱ्याकडे जाऊ नका. तो मग तेवढेच तास सुचवतो.

पावतीवर मुलाचं नाव, सेवेची तारीख (पैसे भरल्याची नव्हे), सेवेचा प्रकार, देणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तास, दर असायला हवेत. "मार्च महिन्याची थेरपी, १,८०० डॉलर" अशी एकओळी पावती पुढे अडते. दर महिन्याच्या शेवटी पावत्या स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका, आणि एका शीटवर उरलेली रक्कम भागिले उरलेले आठवडे हा एकच आकडा लिहा. टॅबलेटसारखं काही घ्यायचं असेल तर आधी तज्ज्ञाचं पत्र, मग कोऑर्डिनेटरला ईमेलने विचारणा, मग खरेदी. कागद किमान सात वर्षं ठेवा. नवीन वर्षाचा करार संपायच्या दोन-तीन महिने आधी हालचाल सुरू करा, नाहीतर दोन करारांमध्ये फट पडते आणि त्या फटीत थेरपिस्ट दुसऱ्या मुलाला दिला जातो.

अठराव्या वाढदिवसाला ओएपी थांबतो. प्रौढांच्या सेवांसाठी डेव्हलपमेंटल सर्व्हिसेस ओंटारिओकडे अर्ज सोळाव्या वर्षीच करता येतो. तिथेही रांग आहे.